पॉइंटचा गॅप

रांजणगावच्या महागणपतीच्या वाहनतळावर सकाळी एखादी जुनी पद्मिनी उभी दिसली की माझे पाय तिच्याकडे वळतात. रूढ क्रमाने हा अष्टविनायकांतला आठवा गणपती. पाली-महडसाठी बोरघाट उतरून-चढून, लेण्याद्री-ओझर करून गाडी इथवर आलेली असते. लोक दर्शनाला जातात. मला वाटतं, कोणीतरी थोडा वेळ तिच्या बॉनेटखालीही डोकवावं.

याच गावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. २००९ साली तिथून लिनिया बाहेर पडली, २०१७ पासून जीप कंपास निघते. त्याआधीची फियाट कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती तयार होई, आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्यात त्या हौसेने, मायेने जपलेल्या. एमआयडीसीतून निघणाऱ्या नव्या गाड्यांत ठिणगी पाडणारे पॉइंट नसतात, आणि त्यांच्या ठिणगीच्या व्यवस्थेत झिजण्यासारखं फारसं काही नाही, हे मान्यच करायला हवं. पण पॉइंट जे शिकवतात ते मला मोलाचं वाटतं.

डिस्ट्रीब्यूटरची काळी टोपी काढावी, रोटर उचलावा. खाली टंगस्टनचे दोन ठिपके दिसतात, तेच पॉइंट. ते टेकलेले असतात तोवर बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो आणि तिच्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. कॅमचा उंचवटा फिरून आला की ठिपके विलग होतात, प्रवाह तुटतो, ते क्षेत्र कोसळतं, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्ट प्लगकडे धावतात. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी ही व्यवस्था बसवली. पुढे साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर धावल्या.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे ठिपके सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. नगर रोडने पुण्याहून इथे यायला तासभर धरला तरी उघडझाप साडेतीन लाखांच्या पुढे जाते. दर उघडण्याला प्रवाह त्या फटीतूनच उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला आवरतो, तरी थोडा धातू एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जातोच. एकीकडे खड्डा पडतो, दुसरीकडे टेंगूळ येतं. आणि कॅमवर घासणारी फायबरची टाच रोज कणभर झिजते.

ही टाचेची झीजच मला सर्वांत विचार करायला लावते. टाच झिजली की उघड्या पॉइंटमधला गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगीच उशिरा पडते. गाडी बंद पडत नाही, मागे पडते. चढावर थोडी कमी ओढते, थोडी जास्त तापते, थोडं जास्त पेट्रोल खाते. आणि चालवणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचा पाय रोज कणभर जास्त दाबायला शिकलेला असतो. इंजिनाबरोबर माणूसही जुळवून घेत गेलेला असतो. महिन्यांनी दुसरा कोणी ती गाडी चालवतो आणि म्हणतो, अहो, ही ओढत नाहीये. मालकाला खरंच नवल वाटतं. त्याच्या लेखी ती कालच्यासारखीच असते, आणि कालच्यासारखी ती खरोखरच असते.

आपली सवय नेहमी झिजेच्या बाजूने उभी राहते. म्हणून गॅप लावायचं काम अंदाजाने करू नये असं मी आग्रहाने म्हणतो. फिलर गेजची पोलादी पट्टी मालकाच्या पायाबरोबर बदललेली नसते. अँबेसिडरला चौदा ते सोळा थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, इतर गाड्यांचं माप ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत असतं. टाच कॅमच्या नेमक्या टोकावर आणायची, पट्टी सरकवायची. ती अडकूही नये आणि मोकळी डुलूही नये, हलकी घासत जावी. मात्र जुन्या पॉइंटवर टेंगूळ असेल तर पट्टी त्या टेंगळावर टेकते आणि खरा गॅप मोजल्यापेक्षा मोठा राहतो. म्हणून आधी बारीक कानशीने ठिपके सपाट करावेत, आणि खड्डा खोल असेल तर पॉइंट बदलावेत. ते निळे-काळे जळालेले दिसले तर कंडेन्सरही तपासावा, नाहीतर नवेही तसेच जळतील. शेवटी कोरा कागद मधून ओढून बोटांचं तेल पुसून घ्यावं. कॅमवर मोहरीएवढं ग्रीस लावावं. जास्त लावलं तर उडून पॉइंटवरच बसतं.

पॉइंट फार वेळ टेकलेले राहिले तर ते उघडतातच अपुरे, आणि फटीत जळतात. फार कमी वेळ टेकले तर कॉइल भरतच नाही आणि वेगात ठिणगी क्षीण पडते. कॅमच्या एका फेरीतले चार सिलिंडरला प्रत्येकी नव्वद अंश वाट्याला येतात. त्यांतले साठच्या आसपास टेकलेले असावेत, उरलेले उघडे. टेकून राहणं आणि सुटणं या दोन्हींचा हिशेब त्या एका पट्टीच्या जाडीत आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गॅप बदलला की टायमिंग बदलतं, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर. सकाळ त्यासाठी चांगली: इंजिन गार असतं, हात भाजत नाहीत. एक नंबरच्या सिलिंडरवर रोटर आणावा, पुलीची खूण जुळवावी. बारा व्होल्टच्या दिव्याची एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. चावी चालू करावी, डिस्ट्रीब्यूटर सैल करून हळू फिरवावा. पॉइंट टेकलेले असतात तोवर दिवा विझलेला राहतो, आणि ते सुटतात त्या क्षणी लागतो. तिथेच बोल्ट कसावा. दुसरं माणूस मदतीला असलं तर बरं. घरात शिकायच्या वयाचं कोणी असेल तर दिव्यावर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे द्यावं, आणि त्याला हेही सांगावं की काम संपल्यावर चावी आधी बंद करायची. पॉइंट टेकलेले असताना इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापून जळते.