नटाचा शोक

नटाने रंगभूमीवर ढाळावयाचे अश्रू खरे असावेत की नसावेत, हा वाद जुना आहे. नट आतून जितका थंड तितका त्याचा अभिनय सरस, असे अठराव्या शतकात फ्रेंच तत्त्ववेत्ता दिदरो याने प्रतिपादिले. आपल्या नाट्यशास्त्राने अश्रू, रोमांच आदी सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेवाचून प्रकट होत नाहीत, असे सांगितले. त्या वादात आम्हांस पडावयाचे नाही. अश्रू खरे असावेत, असेच धरून चालू. मग ते आणावयाचे कोठून, आणि जेथून आणावयाचे तेथे हात घालण्याचा नटास अधिकार आहे काय? हा प्रश्न नीतीचा आहे, आणि तो फारसा कोणी विचारीत नाही.

१८९८ साली स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरच्या दोघा संस्थापकांपैकी एक जो स्तानिस्लावस्की, त्याने रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लेखनावरून भावस्मृतीची कल्पना उचलली. नटाने तालमीत आपल्या गतायुष्यातील प्रसंग मनाशी उभा करावा. त्या वेळचा उजेड, वास, पावलांचा आवाज आठवावा. म्हणजे तेव्हाची भावना जागी होऊन भूमिकेच्या कामी येते. ही युक्ती फलद्रूप होते, यात शंका नाही. परंतु ज्या मुलाने आईच्या मृत्युशय्येची आठवण अशी प्रत्येक प्रयोगास जुंपली, त्याने केवळ स्वतःचेच धन खर्चिले काय? त्या आठवणीत आईचाही वाटा आहे, आणि तिची संमती कोणी घेतलेली नाही. पुढे अमेरिकेत या पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता ली स्ट्रासबर्ग याने निदान सात वर्षे जुनी आठवण वापरावी, असे सांगितले. सल्ला शहाणपणाचा खरा, कारण ताजा शोक नटाच्या हाती राहत नाही. पण आईचे देणे सात वर्षांनी फिटते, असे त्यावरून ठरत नाही.

नाटककार अंतोन चेकॉव्ह याचा पुतण्या मिखाईल १९१२ साली या मंडळीत आला. त्याने एका तालमीत वडिलांची अंत्ययात्रा अशी साक्षात उभी केली, की भावस्मृतीचा पुरावाच मिळाला म्हणून स्तानिस्लावस्कीने त्यास हृदयाशी धरले. पुढे कळले की वडील हयात आहेत! फाजील कल्पनाशक्तीचा ठपका ठेवून शिष्यास वर्गातून काढण्यात आले, असे सांगतात. आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी जिवंत पित्याची तिरडी मनातदेखील बांधू देणार नाहीत, आणि त्यांचा तो संकोच आम्हांस पोरकट वाटत नाही. तथापि सत्याची पारख करण्यात आयुष्य वेचलेला गुरू ज्याने हेलावला, ते घडलेलेच नव्हते, ही गोष्ट उरतेच. रंगभूमीवरील सत्यास घडलेल्या दुःखाचे तारण लागत नाही.

खुद्द स्तानिस्लावस्कीही अखेरीस याच बाजूस वळला. १९३४ साली पॅरिसमध्ये त्याच्याजवळ काही आठवडे शिकून न्यूयॉर्कला परतलेल्या स्टेला ॲडलर या नटीने तसे सांगितले, तेव्हा स्ट्रासबर्गला ते मुळीच रुचले नाही. शेवटच्या वर्षांत तो नटांस पाठांतरापूर्वीच प्रवेशातील परिस्थितीत उभे करी आणि तो प्रवेश स्वतःच्या शब्दांत पार पाडावयास लावी. (आयत्या वेळी रचून बोलणे आपल्यास नवे नाही; १८४३ पासून विष्णुदास भाव्यांची पात्रे तशीच बोलत, कोकणातील दशावतारी आजही बोलतात. नवे होते ते त्याचा तालमीसाठी केलेला उपयोग.) येथे नट आपली कल्पना देतो, अवधान देतो, घरातले मृत देत नाही.

कोणी म्हणेल, आदिकवीनेही शोकाचाच श्लोक केला. खरे, पण कवी एकदा लिहून मोकळा होतो, नटास शंभराव्या प्रयोगीही तोच शोक उकरावा लागतो. शिवाय कवीकडे तो कोणी मागत नाही. शिकाऊ नटाकडे मात्र तालीममास्तर दहा जणांदेखत मागतो, आणि नाही म्हटल्यास भूमिका जाईल हे त्यास ठाऊक असते. अशा वेळी त्या मुलाने चेकॉव्हप्रमाणे एखादी न घडलेली अंत्ययात्रा रचून दाखविली, तर आम्ही त्यास असत्यवादी म्हणणार नाही.