कांटा स्वस्थ आणि पाणी उकळतें



अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत पिशवींत दोन तऱ्हेचीं वजनें बाळगण्याची मनाई केली आहे, हें आपणांस ठाऊक आहे. घेण्याचें वजन एक व देण्याचें दुसरें ठेवणारा वाणी लबाड, हें लहान मुलासहि कळतें. परंतु लबाडीचा लेशहि मनांत नसतां, केवळ उतावळेपणानें, आपल्या घरीं दोन मापें येऊन बसतात, आणि त्यांचा फटका तिसऱ्यालाच बसतो. हें आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत एका बोटभर पितळी तुकड्यानें शिकविलें.

आमच्या फेरीच्या जुन्या जीपचें इंजिन पूर्वींच्या मालकानें बदललेलें आहे. इंजिनांतील पाणी किती तापलें ह्याची खबर समोरच्या मीटरास देणारा जो सेंडर असतो, तो निकामी झाला, म्हणून आम्ही वाटेंतील एका गॅरेजांत थांबलों. त्या मीटराच्या जोडीचा सेंडर तेथें नव्हता. डब्यांत दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा सांपडला; तो फिरवून पाहिला तों आटे जुळले, तार जोडली तों कांटा हालला. हाताखालचा पोरगा हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, ह्याचं मीटर वेगळं असतंय." आम्हांस त्या दिवशीं तीन गांवें गांठावयाचीं होतीं. आम्हीं म्हटलें, "बसला ना? मग झालें."

त्या दिवसापासून कांटा मध्याच्या किंचित् खालीं स्वस्थ असे. इंजिन आतां थंड चालतें, असें वाटून आम्हांस उलट समाधानच होई. पुढें वैशाखांतील एका दुपारीं मंडळींतील एका भगिनीस बाळंतपणासाठीं नगरास नेण्याचा प्रसंग आला. पांढरीच्या पुलापासून इमामपूरचा घाट चढूं लागलों, तेव्हां मागें बसलेली तिची सासू म्हणाली, "साहेब, कायतरी करपल्यागत वास येतोय." आम्हीं कांट्याकडे पाहिलें. तो होता तेथेंच होता. "कांहीं नाहीं, आई," असें म्हणून आम्हीं गाडी तशीच दामटली. पुढच्या वळणावर बॉनेटखालून वाफेचा लोट निघाला आणि इंजिन बंद पडलें. तेव्हांहि कांटा मध्याच्या खालींच होता! एका टेंपोवाल्यानें दया करून त्या भगिनीस पुढें नेलें. बाळ व बाळंतीण सुखरूप आहेत. ही देवाची कृपा, आमची हुशारी नव्हे.

ह्यांत दोष कोणाचा? कांटा स्वतः कांहीं मोजीत नाहीं. सेंडराच्या पोटांत एक लहानशी चकती असते. पाणी तापेल तसतसा ती विजेच्या प्रवाहास करीत असलेला अडथळा कमी होतो. अडथळा फार म्हणजे पाणी थंड, थोडा म्हणजे गरम, एवढेंच कांट्यास समजतें. किती अडथळा म्हणजे किती उष्णता, हें मात्र मीटर व सेंडर ह्यांच्या प्रत्येक जोडीचें निराळें ठरलेलें असतें. एक नेहमीच्या वापरांतील उदाहरण घ्या. १२० अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या मीटरासाठीं केलेला एक सेंडर १२० अंशांवर सुमारें २२ ओहम अडथळा देतो. त्याचाच भाऊ शोभेल असा दुसरा सेंडर १५० अंशांच्या मीटरासाठीं असतो. तो सुमारें १९ ओहमांवर येतो, पण १५० अंश झाल्यावर. हा दुसरा सेंडर पहिल्या मीटरास लावला, तर पाणी १२० च्या पुष्कळ पलीकडे गेल्याशिवाय कांटा १२० वर जाणारच नाहीं. सेंडर आपल्या हिशेबानें खरें सांगतो, कांटा आपल्या हिशेबानें खरें ऐकतो, आणि गाडींत बसलेल्यांचा मात्र घात होतो.

आटे जुळले ही साक्षहि पुरी नव्हे. अष्टमांश इंची नळीचे अमेरिकन आटे इंचास २७ असतात व ब्रिटिश २८. पहिले एकदोन फेरे दोन्हीं गोडीनें फिरतात, पुढें अडतात. तेथें पान्यानें जोर केला कीं आटे बिघडतात व पाणी झिरपूं लागतें. शिवाय एका तारेच्या सेंडरास विजेची परतीची वाट इंजिनाच्या धातूंतूनच मिळते. गळती थांबविण्यासाठीं आट्यांवर फार टेप गुंडाळली, तर ती वाट अडते आणि तापलेलें इंजिनहि कांट्यास थंड दिसतें.

ज्या मेकॅनिकनें पुढें इंजिन दुरुस्त केलें, त्यानें नवा सेंडर लावण्यापूर्वीं भांड्यांत पाण्याबरोबर टांगला, शेजारीं थर्मामीटर धरला, आणि पाणी तापत असतां ओहम मोजून मीटराच्या अंकांशीं ताडून पाहिले. आपल्या नगरच्या पठारावर पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें; तेथवरची परीक्षा कोणाच्याहि चुलीवर होते. सेंडराची जोड मिळत नसेल, तर मीटर व सेंडर दोन्हीं एकत्र घ्यावीं. घाटांत वाफ दिसली तर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावें, आणि गाडी पुरती निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालचें पाणी उसळून अंग भाजतें.

बंधुजनहो, हें केवळ गाडीवाल्यांसाठीं सांगितलें नाहीं. गांवोगांवच्या शिक्षकांनीं व उपदेशकांनीं आपल्या हजेरीपटाकडे पाहावें. पटावरील आंकडा पुरा आहे, वर्गणी जमली आहे. कांटा स्वस्थ आहे. परंतु त्याच पटांतील एका घरीं कर्जापायीं चूल पेटली नसेल, दोन भाऊ बांधावरून एकमेकांशीं बोलत नसतील. हजेरी मोजणारें माप घरांतील धग मोजीत नाहीं. ती जाणून घेण्यास उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकावें लागतें.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार टोंचते. त्या प्रसंगीं आम्हांस खरें सांगणारीं दोन माणसें होतीं: गॅरेजांतला पोरगा आणि ती म्हातारी. दोघांचेंहि बोलणें आम्हीं झटकून टाकिलें, कारण कांटा आम्हांस आवडेल तें सांगत होता. पुढें आम्ही त्या गॅरेजांत गेलों व पोराची क्षमा मागितली. तो लाजून हंसला आणि म्हणाला, "आता डब्यातले सेंडर मी चिठ्ठी लावून ठेवलेत, साहेब."

आपणहि आज रात्रीं प्रार्थनेस बसाल, तेव्हां क्षणभर आठवून पाहा: करपल्याचा वास येतो, असें आपल्या घरांत कोणी हळूच सांगितलें होतें काय?