पाण्याच्या काठापर्यंत

"आज विमानतळ बघायला जाऊ," असे चिरंजीव रविवारी सकाळी म्हणाले, तेव्हा आमच्या सौ.ने साहजिकच विचारले, "कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग कोण निघालंय?"

"कोणीच नाही, आई. नुसतं बघायला जायचं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. माणसे देऊळ बघायला जातात, किल्ला बघायला जातात, पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघायला जातात. परंतु ज्या जागी माणूस केवळ दुसरीकडे जाण्यासाठी पाऊल ठेवतो, ती जागा मुद्दाम बघायला जाणे हा प्रकार आम्हांला नवा होता. बेळगावच्या बसस्थानकावर रविवारी सहकुटुंब फिरायला जाऊ, असे कोणी म्हणाले तर आपण त्याच्या प्रकृतीची चौकशी करू.

२०२५च्या मे महिन्यातली ही गोष्ट. मुलगा सिंगापूरला विमानांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. शाळेला सुटी लागताच आम्ही पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. हाच मुलगा पाचवीत असताना मी त्याला स्कूटरवर बसवून सांबऱ्याला नेत असे आणि तारेच्या कुंपणापाशी आम्ही तास तास उभे राहत असू. दिवसात एखादे विमान आले तर आले, नाही तर नाही. आता तो मला विमाने दाखवायला नेत होता. तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

चांगी विमानतळ १९८१ साली सुरू झाला. त्याची बरीचशी जमीन समुद्र बुजवून काढलेली आहे. ज्या देशाची वस्ती साठ लाखांच्या आसपास, त्याच्या या एका विमानतळावरून २०१९ साली ६ कोटी ८० लाखांहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. त्याच वर्षी तेथे पहिल्या टर्मिनलसमोरच्या वाहनतळाच्या जागेवर काचेचा आणि पोलादाचा एक प्रचंड घुमट उभा राहिला. मोशे सफदी या वास्तुविशारदाने तो योजला. घुमटाच्या माथ्यावर एक गोल मोकळीक आहे आणि तिच्यातून ४० मीटर उंचीचा धबधबा सरळ खाली कोसळतो. भोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली झाडी. त्या झाडीतून दोन टर्मिनलांना जोडणारी एक छोटी रेल्वे सुळकन निघून जाते.

"आपला गोकाकचा धबधबा याहून उंच आहे. ५२ मीटर," मी म्हणालो. मुख्याध्यापकाला कोठेही गेले तरी राहवत नाही.

"पण गोकाकला छप्पर नाही, बाबा."

दुपारी त्याने आम्हांला कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात नेले. तेथे बाहेरच्यांनाही जेवता येते, मात्र कर्मचाऱ्यांना दर कमी आणि आपल्याला थोडा जास्त. सामान वाहणारे, झाडलोट करणारे, गणवेशातले पहारेकरी एकाच बाकावर जेवत होते. आम्ही रोटी प्राता घेतला. म्हणजे आपल्या पराठ्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दाक्षिणात्य भाऊ, सोबत डाळीची आमटी. वर आटवलेल्या गोड दुधाची कॉफी. सौ.ला बरे वाटले. परदेशात डाळ भेटली की आपल्या माणसाला निम्मे गाव भेटते.

वाटेतल्या काही पाट्यांवर इंग्रजी, चिनी, मलय यांच्या जोडीला तमिळ अक्षरे दिसली. एका पाटीवर दोन लिप्या नांदाव्यात म्हणून आमच्या भागात काय काय घडले आहे, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या पाटीपुढे मी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहिलो.

परंतु मला सर्वांत आवडली ती एका टर्मिनलमध्ये पुस्तके पसरून बसलेली मुले. घरे लहान, येथे गारवा, उजेड आणि बसायला जागा. म्हणून परीक्षेच्या दिवसांत सिंगापूरची मुले विमानतळावर अभ्यासाला येतात आणि त्यांच्यासाठी जागाही राखून ठेवली जाते. हे सारे केवळ परोपकारबुद्धीने चालते, असे मी म्हणत नाही. घुमटाखाली शेकडो दुकाने आहेत आणि बघायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परतू नये, अशी चोख व्यवस्था आहे. तरीही ज्याला कोठेही जायचे नाही अशा माणसाला तेथे कोणी "तुमचे काय काम?" असे विचारत नाही. आपल्याकडे तिकीट नसेल तर विमानतळाच्या दारातच वेस लागते. चांगीला वेस आहेच. पण ती बरीच आत आहे, आणि दारापासून वेशीपर्यंतची जागा त्यांनी पोचवायला येणाऱ्यांच्या हवाली केली आहे.

ती वेस मात्र कडक. पलीकडे केवळ जाणाऱ्यांनीच जायचे. मुलाने सांगितले, २०१९ साली एका २७ वर्षांच्या तरुणाने बायकोला विमानाच्या दारापर्यंत सोबत करता यावी म्हणून स्वतःसाठीही तिकीट काढले. प्रवास करायचा नव्हताच. पोलिसांनी त्याला अटक केली. अशा गुन्ह्याला तेथे २० हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

"बायकोला पोचवायला गेला म्हणून अटक?" सौ. कळवळली. मलाही प्रथम तसेच वाटले. प्रेमाला कायदा कळत नाही, आणि कायद्याला प्रेम. मग एकाएकी मला वर्गात अनेकदा शिकवलेला 'शाकुंतला'चा चौथा अंक आठवला.

शकुंतला सासरी निघाली आहे. कण्वमुनी तिच्याबरोबर चालत चालत सरोवराशी येतात आणि तेथे शार्ङ्गरव त्यांना आठवण करून देतो, की आपल्या माणसाला पाण्याच्या काठापर्यंतच पोचवावे असा शिष्टाचार आहे, आता येथून आपण परतावे. कण्व थांबतात. सांगायचे ते सांगतात आणि परततात. मुलगी म्हणजे परक्याची ठेव, ती परत केली, आता मन निर्मळ झाले, असे ते म्हणतात. मुलीला ठेव म्हणणे आज मला पटत नाही आणि वर्गातल्या मुलींनाही पटत नाही. पण तीस वर्षे तो अंक शिकवताना मी नेहमी विरहाचे दुःखच शिकवले. पाण्याच्या काठाचा नियम केवळ संकेत म्हणून सांगून पुढे गेलो. तो नियम का असावा, हा प्रश्न मी मुलांनाही विचारला नाही आणि स्वतःलाही.

वरच्या मजल्यावर काचेचा एक सज्जा आहे. तेथून खाली उभी असलेली विमाने दिसतात. आम्ही तेथे बसलो. मुलगा म्हणाला, "बाबा, विमान आपलं आपण मागं येत नाही. त्याला ढकलावं लागतं. आता बघा."

एक बुटके, रुंद वाहन विमानाच्या नाकाशी जोडलेले होते. त्याने ते धूड हळूहळू मागे ढकलत मोकळ्यावर आणले. मग वाहन सुटे झाले. एक माणूस चालत थोडा दूर गेला, विमानाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने हातातली लाल फीत उंच धरली.

"ते काय?"

"खीळ. ढकलताना पुढच्या चाकाचं वळण वैमानिकाच्या हातात नसतं. दोघांनी दोन बाजूंना ओढलं तर मोडतोड होईल. म्हणून चाकापाशी एक खीळ घालतात. गाडी सुटल्यावर ती काढायची आणि वैमानिकाला दाखवायची. म्हणजे, बाबा रे, खीळ काढली, आता चाक तुझ्या ताब्यात."

त्या माणसाने खीळ दाखवली, हात हलवला आणि तो वळून चालू लागला. विमान आपल्या वाटेने गेले. तो मागे वळून बघत राहिला नाही. त्याला पुढचे विमान होते.

त्या सज्जात बसून मला जे आठवले ते मी आजवर कोठे लिहिले नाही.

२०२२च्या जून महिन्यात फौंड्रीत काम करणारे एक पालक माझ्याकडे आले. मुलगा सातवी पास झालेला. गणितात चपळ, अक्षर मोत्यासारखे. त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचे होते, दाखला हवा होता. त्या वर्षी आठवीचा पट आधीच काठावर होता. मी त्यांना मातृभाषेचे महत्त्व सांगितले. त्यात काही चुकले नाही. ते ऐकून घेऊनही त्यांनी दाखलाच मागितला, तेव्हा मी म्हणालो, "लिपिक रजेवर आहे, उद्या या." दुसऱ्या दिवशी शिक्का सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी बैठकीत होतो. चौथ्या दिवशी ते दारातच उभे राहून म्हणाले, "हेडसर, तुमचा पोरगा सिंगापूरला, आणि आमच्या पोरानं शाळेचा पट राखायला हितंच बसायचं व्हय?"

मी सही केली. पण चार दिवसांत त्यांना हव्या होत्या त्या शाळेतल्या जागा भरल्या होत्या. मुलगा दूरच्या एका शाळेत जाऊ लागला. आज तो रस्त्यात मला लांबून दिसला, की सायकल दुसऱ्या गल्लीत वळवतो. अशी एक सायकल वळली की निवृत्तीच्या सत्कारात मिळणाऱ्या शालीची ऊब अगोदरच निघून जाते.

मी ते भाषेसाठी केले, असे मनाला सांगत होतो. ते पूर्ण खरे नव्हते. त्यात तुकडी बंद पडण्याचे भय होते, एका सहशिक्षकाची नोकरी होती आणि थोडा माझा अभिमानही होता. शकुंतला निघताना तिने वाढवलेले हरणाचे पाडस तिचे वस्त्र ओढते. पाडसाला ते शोभते. कण्वांनी ओढले असते तर? मी कण्वाच्या खुर्चीत बसून पाडसाचे काम केले होते. तेही पाडसाच्या निरागसपणाने नव्हे, कारण त्याच्या तोंडात शिक्का लपवलेला नसतो.

याच चांगीला दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी ठेवले होते. तेथली पहिली धावपट्टी त्या कैद्यांकडून करवून घेतली. जेथून आज कोट्यवधी माणसे आपल्या मर्जीने उडतात, तेथले पहिले सपाटीकरण अडकवून ठेवलेल्या माणसांच्या हातून झाले. माझ्या चार दिवसांची त्या कैदेशी तुलना करणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. पण अडवण्याची सुरुवात नेहमी लहानच असते, आणि अडवणाऱ्याजवळ बहुधा एखादे मोठे कारण असते.

मग सोबत करूच नये का? मुलांनी शाळा सोडावी, भाषा सोडावी, गाव सोडावे आणि आपण 'ज्याची त्याची मर्जी' म्हणून खांदे उडवावेत? तसेही नाही. कण्व आश्रमाच्या दारातून परतले नाहीत. काठापर्यंत ते सगळी वाट चालले. मला वाटते, यात दोन चुका होतात आणि दोन्ही प्रेमाच्या नावाखाली होतात. एक म्हणजे अर्ध्या वाटेतून परतणे. मुलगा सहावीत मागे पडतो तेव्हा त्याच्या घरी न जाणे, वाचनालयाचे कपाट कुलूपबंद ठेवणे, वर्गात रटाळ शिकवणे आणि मग दाखल्याच्या दिवशी मातृभाषेवर भाषण देणे. दुसरी म्हणजे काठ ओलांडणे. ज्याचा प्रवास आहे त्याच्या वाटेवर आपले खोटे तिकीट काढून घुसणे. पहिली चूक झाकण्यासाठीच आपण पुष्कळदा दुसरी करतो. ढकलण्याची ताकद लावायची ती गाडी जोडलेली असताना. सुटल्यावर उरते ते खीळ काढली आहे हे दाखवणे आणि हात हलवणे.

परतीच्या दिवशी मुलगा आम्हांला पोचवायला आला. त्या वेशीपाशी आल्यावर सौ.ने त्याच्या डब्यापासून लग्नापर्यंत सगळ्या सूचना पुन्हा एकदा दिल्या. मला काही सुचेना. मी म्हणालो, "कामावर वेळेवर जात जा." तो हसला. आम्ही आत गेलो. मागे वळून पाहिले तर तो काचेपलीकडे उभा होता आणि हात हलवत होता. माझ्या मनात आले, की स्कूटरवरून सांबऱ्याला नेलेले ते पोर आज मला काठापर्यंत पोचवून गेले. आणि माझ्याहून नीट.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात दोन दाखल्यांचे अर्ज आले. दोन्ही पालकांशी मी बोललो, माझे म्हणणे स्वच्छ सांगितले. एकाने अर्ज मागे घेतला, दुसऱ्याने घेतला नाही. त्याचा दाखला मी त्याच दुपारी सही करून दिला. त्या मुलीबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेलो आणि तिला म्हणालो, "वाचनालयाचं पुस्तक हवं असेल तर येत जा."

ती येईल की नाही, ते तिच्या हाती. फाटकाबाहेर रस्ता ओला होता, पावसाचे पाणी काठाने वाहत होते. मी तेथे थोडा वेळ थांबलो आणि वर्गावर परतलो. पुढचा तास आठवीचा होता. पट एकाने कमी.