डिकीतली केबल

माझी गाडी कागदावर माझ्यापेक्षा बरीच सज्जन आहे. धुराचा आकडा किलोमीटरमागे ५० ग्रॅमच्या आत, नुसत्या विजेवरची धाव ४० मैलांच्या पुढे. हे दोन आकडे पाहून ब्रिटनचं करखातं माझ्यावर खूश आहे. २०२४-२५ मध्ये कंपनीकडून मिळालेली पेट्रोल गाडी जास्त धूर सोडणारी असेल, तर तिच्या किमतीच्या ३७ टक्क्यांपर्यंत रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जायची. माझ्या प्लग-इन हायब्रिडची धरली गेली ८ टक्के. त्या बदल्यात गाडी रोज चार्ज करीन असं माझ्याकडून कोणीही लिहून घेतलेलं नाही. सूट गाडीच्या अंगच्या गुणांना मिळते, माझ्या वागण्याला नाही.

भारतात ही जात अजून बड्या लोकांच्या बंगल्यांतच दिसते, म्हणून थोडं सांगते. हिच्यात पेट्रोलची टाकी आणि इंजिन असतंच, शिवाय घरच्या विजेवर भरता येईल अशी मध्यम आकाराची बॅटरी असते. जवळ जायचं तर विजेवर, लांब जायचं तर पेट्रोलवर. केबल कधीच लावली नाही तरी गाडी तक्रार न करता चालते. फक्त जड बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोल पीत राहते. २०१८ मध्ये इथे बातम्या आल्या होत्या, की कंपन्यांच्या ताफ्यांतून परत आलेल्या काही प्लग-इन गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची केबल प्लॅस्टिकच्या वेष्टनातच सापडली. त्याच वर्षी सरकारने या गाड्यांवरचं अनुदान बंद केलं. २०२२ मध्ये फ्राउनहोफर आणि आयसीसीटी या संस्थांनी युरोपातल्या गाड्यांचा हिशेब मांडला: स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाड्या साधारण ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापत होत्या, कंपनीच्या गाड्या ११ ते १५ टक्के. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांच्या आतल्या मीटरवरचे आकडे गोळा करून सांगितलं, की प्लग-इन हायब्रिडचा खरा धूर कागदावरच्या धुराच्या सरासरी साडेतीन पट आहे.

हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं ते समाधान. मी त्यातली नाही, माझी केबल रोज रात्री बाहेर निघते. अशा समाधानाकडे जरा संशयाने पाहावं, म्हणून मी स्वतःला पुढचा प्रश्न विचारला: का निघते?

आमच्याकडे मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त होते. झोपताना केबल लावायची, घड्याळ लावून ठेवायचं, सकाळी बॅटरी भरलेली. पेट्रोलच्या मानाने मैलामागचा खर्च कितीतरी कमी. म्हणजे माझी सचोटी आणि माझा फायदा रात्री एकाच बाजूला असतात, त्यामुळे त्यांतलं कोण काम करतं आहे हे कळत नाही. कळतं ते दुपारी. मी रेडिंगला राहते, ऑफिस स्विंडनला. एम-४ महामार्गावरून हिवाळ्यात स्विंडन यायच्या आत बॅटरी संपते. ऑफिसजवळ सार्वजनिक चार्जर आहे. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट, तिथल्या विजेवर २०, आणि मूळ दरही चढा. मैलाचा हिशेब केला तर पेट्रोलच परवडतं. तिथे मी केबल डिकीतून काढत नाही. परतीचा सगळा रस्ता इंजिनावर. ही माझ्या पर्यावरणप्रेमाची खरी किंमत, पेन्समध्ये.

हे मी कोणापाशी बोलत नाही, कारण कोणी विचारत नाही. पाहुणे केबल पाहतात आणि कौतुक करतात.

पण धुराचा हिशेब तसा सोपा, पैशात उतरतो. मला जास्त सतावतं ते सुरक्षिततेचं. गाडी जपून वापरणारी बाई अशी माझी घरात ख्याती आहे. इलेक्ट्रिशियन बोलावला तेव्हा त्याला मी चहा देऊन तासभर प्रश्न विचारले. त्याने समजावलेली एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. इथल्या बहुतेक घरांत न्यूट्रल आणि अर्थ रस्त्यापासून एकाच तारेने येतात. ती तार बाहेर कुठे तुटली, तर घरातल्या उपकरणांच्या धातूच्या अंगावर वीज उतरू शकते. घरात आपण कोरड्या लाकडी जमिनीवर असतो; गाडीचं अंग मात्र बाहेर, आणि तिला हात लावणारा ओल्या फरशीवर उभा. म्हणून इथल्या वायरिंगच्या नियमांत गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं संरक्षण सांगितलं आहे. त्याने मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढलं, तो बिघाड ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण बसवलं, शिवाय तीस मिलिअँपिअरची गळतीसुद्धा पकडणारा ब्रेकर. बाहेरचं सॉकेट तासन्‌तास भार सोसेल अशा चाचणीतून गेलेलं घेतलं, कारण साध्या तीन पिनच्या सॉकेटला दहा अँपिअर सहा-सात तास ओढायची सवय नसते. ढिली पिन तापते, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं. एक्स्टेन्शन बोर्ड नाहीच. गुंडाळलेल्या रीळवरची वायर तर स्वतःच्याच उष्णतेत शिजते. पावसाची भीती लोकांना उगीच वाटते. गाडीच्या बाजूचा प्लग पावसासाठीच बनवलेला असतो, आणि केबलमधली डबी अर्थिंग तपासून, गाडीशी जुळल्याची खूण मिळाल्यावरच वीज सोडते. गफलत होते ती माणसाने मध्ये घातलेल्या जोडात.

हे सगळं मी मनापासून केलं. पण नीट पाहिलं तर यातली प्रत्येक गोष्ट माझ्या घराला, माझ्या मुलाला, माझ्या विम्याला जपणारी आहे.

आमचं घर विटांच्या घरांच्या लांब रांगेतलं. पुढे अंगण नाही. दार उघडलं की फुटपाथ, फुटपाथपलीकडे गाडी. केबल फुटपाथवरूनच जाते. १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये एक कलम आहे: लोकांना धोका होईल अशी दोरी, तार किंवा तसलं काही रस्त्यावर आडवं टाकणं गुन्हा, मात्र पुरेशी धोक्याची सूचना दिली होती हे सिद्ध करता आलं तर सुटका. मी पिवळी-काळी रबरी पट्टी आणली, केबल तिच्या खोबणीत बसते. पट्टी आणली तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं? दोन घरं सोडून वॉकर घेऊन चालणाऱ्या एक वृद्ध बाई राहतात. वॉकरची पुढची चाकं त्या उंचवट्याला अडतात. बाई थांबतात, वॉकर उचलतात, पलीकडे ठेवतात, मग एकेक पाय. काठीने चाचपत जाणारा एक तरुणही याच रस्त्याने स्टेशनला जातो. त्याला पिवळ्या रंगाचा काय उपयोग? पट्टी त्यांच्या पायांसाठी घेतली असती, तर आणल्यावर मी त्या बाईंना एकदा तरी विचारलं असतं, की जमतंय का. कलम वाचून मी ती घेतली होती. पट्टी माझ्या बचावाचा कागद होती, रबराचा.

नवरा म्हणतो, तू फार खोलात शिरतेस. त्या बाई कधी काही बोलल्या नाहीत. इंग्रज म्हातारी माणसं बोलत नाहीत, हेच तर.

एकदा हा चष्मा लागला की बाकीचंही त्यातूनच दिसतं. ही गाडी विजेवर असताना जवळजवळ आवाज करत नाही. अंधांच्या संस्थांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना कृत्रिम गुणगुण सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती आहे. पहिल्या आठवड्यात मला ती भुणभुण नकोशी वाटली, आणि शांततेला आपण ऐषाराम मानतो हे लक्षात आलं. तो ऐषाराम काचेच्या आतल्याचा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पाठमोऱ्या आईला आणि तिच्या बोटाला धरलेल्या पोराला तो काहीच देत नाही.

इंजिनाचंही तसंच. हिवाळ्यात सकाळी हीटर पूर्ण लावला की बॅटरी भरलेली असूनही माझ्या गाडीत इंजिन जागं होतं. एम-४ वर चढताना पाय जोरात दाबला तरी तेच. थंड इंजिन, थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो तापेपर्यंत विषारी वायू जवळपास जसेच्या तसे बाहेर. म्हणजे शाळेच्या फाटकाशी, जिथे तीसेक पोरं दप्तरं घेऊन उभी असतात, तिथेच माझ्या स्वच्छ गाडीचा सगळ्यात घाण धूर पडू शकतो. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: केबल लावलेली असतानाच मोबाइलवरून गाडी गरम करून ठेवायची, सीटचा हीटर वापरायचा, पाय हलका ठेवायचा. मी तो करते. बहुतेक दिवशी. उशीर झालेल्या सकाळी पाय जड पडतो, आणि उशीर कोणामुळे झाला हे शाळेच्या फाटकावरच्या पोरांना सांगण्यात अर्थ नसतो.

पेट्रोल पंपावर मी फार कमी जाते, म्हणून तिथे सवयीचा हात नाही. अशा कित्येक गाड्यांत टाकी बंद, दाबाखाली ठेवलेली असते. इंजिन क्वचित चालत असल्याने पेट्रोलची वाफ जाळायला संधी मिळत नाही, म्हणून ती आतच कोंडून ठेवतात. झाकणाचं बटण दाबून दाब उतरेपर्यंत थांबायचं, पडद्यावर खूण आली की मगच नळी. मागचा माणूस चुळबुळतो, थांबायचं तरीही. पेट्रोल फार दिवस पडून शिळं होतं, म्हणून काही गाड्या अधूनमधून स्वतःच इंजिन चालवून ते संपवतात. आणि गाडी गप्प आहे म्हणजे बंद आहे असं नाही. पडद्यावर ‘रेडी’ दिसत असेल तर इंजिन कुठल्याही क्षणी सुरू होऊ शकतं. अमेरिकेत बटणावर चालणाऱ्या गाड्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये चालू राहून कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत गेली आहेत. आम्हाला गॅरेज नाही, तेव्हा हा धडा मी पाठ करून ठेवला आणि वापरायची वेळ आली नाही. न लागणारे धडे मला लवकर पाठ होतात असं दिसतं.

साताऱ्याहून बाबा आले होते, त्यांना पेसमेकर आहे. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं, की अशा माणसाने चार्जिंग चालू असताना चार्जरपासून दूर राहावं आणि डॉक्टरांना विचारावं. म्युनिकच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये असं उपकरण बसवलेल्या १०८ जणांना इलेक्ट्रिक गाड्यांत बसवून, चार्जिंग करायला लावून पाहिलं होतं. कुणाच्याच उपकरणात बिघाड झाला नाही. तरी मी बाबांना केबलला हात लावू दिला नाही, त्यांच्या सातारच्या डॉक्टरांना फोनसुद्धा केला. बाबा हसले, म्हणाले, “एवढी काळजी त्या वॉकरवाल्या बाईंचीही घेतेस का गं?” त्यांनी त्या बाईंना खिडकीतून पाहिलं होतं. मला उत्तर सुचलं नाही, मी चहा टाकायला उठले.

लोक या गाडीबद्दल विचारतात ते एकच: पेट घेईल का? मीही घेण्याआधी तेच विचारलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेत सरकारी धडक-चाचणीतली एक शेव्हरले व्होल्ट तीन आठवड्यांनी, आवारात नुसती उभी असताना पेटली. शेजारच्या गाड्याही जळाल्या. धडकेत बॅटरीला इजा होऊन कूलंट गळला होता, आणि बॅटरीतली वीज कोणी उतरवून ठेवली नव्हती. ती बातमी मी गाडीत बसणाऱ्याच्या भीतीने वाचली होती. पण तीन आठवड्यांनी धोका गाडीत बसणाऱ्याला नव्हताच. तो होता टो करून आणणाऱ्याला, आवार राखणाऱ्याला, गॅरेजमध्ये बोनेट उघडणाऱ्या पोराला. जाड नारिंगी केबली त्यांच्यासाठीच नारिंगी असतात. खड्ड्यात गाडी खालून घासली, तर कारागिराला ते सांगणं हे माझं काम आहे, मग वॉरंटीत काय बसेल याची चिंता मागाहून.

काही कौन्सिलं आता फुटपाथमध्ये केबलसाठी सपाट खाच कापू देतात. वर झाकण, उंचवटा नाही. आमच्याकडे मी चौकशीचं पत्र टाकलं आहे. तोवर केबल बाईंच्या फिरण्याच्या वेळेआधी, सकाळी उठल्या उठल्या काढते. त्यांना शेवटी विचारलंही. म्हणाल्या, पट्टीपेक्षा नुसती केबल बरी होती, ती दिसायची तरी कुठे आहे ते.

आणि एक प्रश्न मी या सगळ्या काळजीच्या आड लपवत आले आहे. रेडिंग ते स्विंडन रेल्वे आहे, विजेवरची, अर्ध्या तासाच्या आसपास. सीझन तिकीट महाग आहे हे खरं. स्टेशनपासून ऑफिस लांब आहे हेही खरं. पण मी दर पाहिला तो गाडी घेतल्यानंतर.