उचललेलं पिल्लू ठेवायचं कुठे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या कुटुंब-गटांत वर्षातून चार-दोन वेळा एक फोटो हमखास येतो. खोक्यात जुन्या फडक्यावर मांजराची तीन-चार पिल्लं, आणि खाली ओळ, "कोणी घेईल का?" त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. "किती गोड" येतं. "महाराज काळजी घेतील" असंही कोणी लिहितं. आणि शेवटी एक उत्तर ठरलेलं, "मठात नेऊन सोडा. तिथं अन्नछत्र आहे, उपाशी मरणार नाहीत."

आज या उत्तराचाच जरा विचार करू. त्यामागं वाईट हेतू कुणाचाच नाही. उलट, आपण पिल्लं मारली नाहीत, देवाच्या दारात नेऊन ठेवली, असं समाधान त्यात आहे. प्रश्न एवढाच, की याला दया म्हणायचं का?

प्रवचनात आपण मर्कटन्याय आणि मार्जारन्याय कितीदा ऐकला आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून असतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. दक्षिणेत श्रीवैष्णवांचे दोन पंथ याच दोन दृष्टान्तांवरून ओळखले जातात. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेंगलै म्हणतात, शरण गेलेल्यानं मांजराच्या पिल्लासारखं असावं. वेदान्त देशिकांना मानणारे वडगलै म्हणतात, माकडाच्या पिल्लासारखी आपलीही धडपड हवी. रामकृष्ण परमहंसही भक्तांना हाच दाखला देत. आपणही पादुकांपुढं उभं राहून म्हणतो, महाराज, मांजरी पिल्लाला उचलते तसं आम्हाला उचला.

पण या दृष्टान्तात आपण दरवेळी पिल्लू होतो. मांजरीकडं कोणी फारसं बघत नाही. ती काय करते ते बघा. पिल्लू उचलायच्या आधी ती जागा हेरून येते. माळा, कपाटाचा खालचा कप्पा, गोठ्यातली गवताची गंजी. तिथं ऊब आहे का, बोका येतो का, माणसांचा वावर किती, हे सगळं बघते. मग एकेक पिल्लू नेते. ते ठेवून परत येते, दुसरं नेते. सगळी नेऊन होईपर्यंत तिच्या खेपा थांबत नाहीत. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपल्या आज्ज्या म्हणायच्या, ते याचसाठी. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, ही म्हणही तिथलीच.

म्हणजे मांजरीच्या लेखी उचलणं आणि ठेवणं ही दोन कामं नाहीत, एकच काम आहे. ठेवायची जागा नसेल तर ती उचलतच नाही. आपली गल्लत नेमकी इथं होते. पिल्लू उचललं की दया झाली, असं आपल्याला वाटतं. पुढं ते कुठं ठेवलं, हा प्रश्न दयेच्या हिशोबात येतच नाही.

खेड्यापाड्यातली जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पोत्यात घालायचं आणि वेशीबाहेर सोडायचं. आपल्या भालकी-औरादकडं मांजरा नदीच्या पल्याड सोडतात, कारण पाणी ओलांडल्यावर मांजर परत येत नाही असा समज. पण मांजर माणसापेक्षा जागेला धरून राहणारं जनावर आहे. अनोळखी जागी आधीची मांजरं आपली हद्द राखून असतात, शिवाय कुत्री, शिवाय रस्ता. महिन्याच्या आतल्या पिल्लाची तर गोष्टच वेगळी. त्याला दर दोन-चार तासांनी दूध लागतं, ऊब लागते, शी-शू करायलासुद्धा आईच्या जिभेचा स्पर्श लागतो. आईवेगळं सोडलेलं असं पिल्लू एक-दोन दिवसही काढत नाही. ते आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही, एवढंच.

अन्नछत्राचंही तसंच. तिथला भात-आमटीचा प्रसाद आपल्यासाठी अमृत आहे, पण मांजराचं पोट त्यावर चालत नाही. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं, धान्यात नसतं. ते बरेच महिने मिळालं नाही तर मांजराची नजर जाते, हृदय कमजोर होतं. गाईचं दूधही पुष्कळ मांजरांना पचत नाही, पिल्लांना तर हगवण लागते. दूध-भात घालून आपण मांजर पाळलं म्हणतो, तेव्हा ते खरं म्हणजे उंदरांवर जगत असतं.

इथं आपल्यातल्या शाकाहारी घरांचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. सोवळं, नैवेद्य, एकादशी सांभाळणाऱ्या घरात मांजराला मांस कसं द्यायचं? एका जिवाला जगवायला दुसऱ्याचा बळी, ही कसली अहिंसा? महाभारतातला शिबी राजा आठवा. कबुतर त्याच्या मांडीवर येऊन पडलं, मागून ससाणा आला. ससाणा म्हणाला, हे माझं अन्न आहे, याला वाचवशील तर मी उपाशी मरेन. शिबीनं त्याला गवत खा असा उपदेश केला नाही. तुझी भूक पाप आहे, असंही म्हणाला नाही. भूक खरी मानली आणि आपलं मांस कापून तराजूत घातलं. आपल्याकडं एवढं कोणी मागत नाही. पण त्यातला अर्धा धडा तरी घेता येतो. ज्या जिवाला आश्रय द्यायचा, त्याची भूक त्याच्या स्वभावाप्रमाणं मानायची, आपल्या सोयीप्रमाणं नाही. बाजारात मांजरासाठी तयार खाद्य मिळतं, त्यात टॉरिन असतं. मात्र त्या पाकिटातही मांस किंवा मासळीच असते, हे समजून घ्यावं. ज्या घराला ते पटत नाही, त्या घरानं मांजर आणू नये. यात कमीपणा काही नाही. आणून त्याला एकादशी घडवण्यापेक्षा हा नकार खरा.

कोणी म्हणेल, आपल्या पंथात मांजराला जागा कुठं आहे? दत्तप्रभूंच्या मागं गाय आहे, पायाशी चार श्वान आहेत. भागवतात अवधूतानं जे चोवीस गुरू सांगितले त्यात कबुतर आहे, अजगर आहे, मधमाशी, कोळी, मासासुद्धा आहे. मांजर नाही. खरं आहे. पण भूतयज्ञ म्हणून आपल्या ताटातून रोज मुक्या जिवांचा वाटा काढायची पद्धत जुनी आहे. गाईचा घास, कावळ्याचा घास, कुत्र्याचा घास. मांजराचा वाटा मुद्दाम काढावा लागला नाही, ते आपलं आपण घेत आलं! शिवाय गाणगापुरात दुपारच्या माधुकरीला महाराज कोणत्या रूपात येतील सांगता येत नाही, असं आपणच नव्या माणसाला सांगतो. मग रूपांची यादी आपण कोण करणार?

माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी सकलमत शिकवलेला हा मुलूख आहे, तेव्हा शेजारघरचंही एक ऐकू. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याला आपल्यातले कितीतरी जातात. मुसलमानांच्या हदीसमध्ये एका बाईची गोष्ट आहे. तिनं मांजर कोंडून ठेवलं. स्वतः खायला घातलं नाही, आणि बाहेर सोडून किडा-मुंगी खाऊ दिली नाही. तेवढ्यासाठी तिला नरक मिळाला. ती मांजराच्या अंगावर काठी घेऊन धावली नव्हती. तिनं फक्त जबाबदारी अर्धी घेतली आणि अर्धी सोडली. कायदाही हेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा 1960 चा जो कायदा आहे, त्याच्या 11 व्या कलमात जनावर उपाशी-तहानेलं पडेल अशा रीतीनं सोडून देणं हा गुन्हा आहे. म्हणजे मारणं आणि टाकणं या दोन्हींची नोंद कायद्यानंही घेतली आहे.

आता जे लोक हे काम अंगावर घेतात त्यांच्याविषयी. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय 1883 पासून आहे. आपल्याला जवळच्या हैदराबादेत अमला अक्किनेनींनी 1992 साली ब्लू क्रॉस सुरू केली. मुंबईत द फेलाइन फाउंडेशन ही संस्था तर खास मांजरांसाठीच काम करते. लहान गावांत मात्र असं काम सहसा दोन-चार पोरंपोरीच करतात, घरच्या पडवीतून, पगाराच्या पैशातून. रात्री उठून ड्रॉपरनं दूध पाजणं, जंताचं औषध, लस, मग घर शोधणं. आपण त्यांना मांजर मागायला गेलो की ती विचारतात, घरात कोण कोण आहे, गावाला गेलात तर कोण बघेल, शस्त्रक्रिया करून घ्याल का? लोकांना राग येतो, "मांजरच द्यायचंय, त्याला एवढ्या चौकशा?" आणि कधी ती म्हणतात, आता जागा नाही. मग लोक म्हणतात, "ही कसली सेवा?" खरं तर मांजरी जे करते तेच ती करत असतात. ठेवायची जागा बघून मगच उचलतात. मांजरीला मात्र पाचवं पिल्लू कोणी रात्री दाराशी आणून टाकत नाही. या पोरांच्या दाराशी टाकतात. असं टाकणाऱ्यानं आपली दया पूर्ण केली नाही, दुसऱ्याच्या नावावर उधार मांडली.

शस्त्रक्रियेबद्दल काहींच्या मनात शंका असते, निसर्गात हात घालणं पाप नाही का? साधं गणित मांडू. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की व्यायला लागते. गाभणपण दोन महिने. एका वेताला साधारण तीन ते पाच पिल्लं, वर्षात दोन-तीन वेतं. पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. त्या सगळ्यांना घर मिळणं शक्य नाही. जी उरतात त्यांची गणती रस्त्यावरच्या गाड्या करतात. मांजर माणसाच्या उंबऱ्यात आलं, आपल्या कोठारातल्या उंदरांवर पोसलं, तेव्हाच निसर्गात आपला हात पडला होता. आता तो हात काढून घेऊन "निसर्ग बघेल" म्हणणं बरोबर नाही. बिदरला तर नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे, 2004 च्या कायद्यानं झालेलं. विचारायला लांब जायला नको.

तर पुढच्या वेळी गटात खोक्याचा फोटो आला की एवढं करू :

▪️ पिल्लं दिसली की लगेच उचलायची नाहीत. धोक्याची जागा नसेल तर लांबून दोन-तीन तास बघायचं. आई भक्ष्याला गेलेली असते, बहुतेक वेळा परत येते.

▪️ आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडायचं नाही. आईसकट आसरा देता आला तर उत्तम.

▪️ घरी आणायचं तर पंधरा वर्षांचा विचार करून आणायचं. लस आणि शस्त्रक्रिया हा खर्च आधीच धरायचा. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माउलीला विचारूनच.

▪️ आणता येत नसेल तर हे काम करणाऱ्यांना महिन्याला शंभर-दोनशे रुपये, एक खाद्याचं पोतं, जुनी चादर, किंवा दवाखान्यापर्यंत गाडी. पाच घरांची माधुकरी आपल्याला नवी नाही. पाच घरं मिळून एका मांजरीची शस्त्रक्रिया करता येईल.

▪️ मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जाऊन लसीचं विचारायचं. हळद-चुन्यावर भागवायचं नाही.

▪️ मठात, देवळात, अन्नछत्रात मांजर सोडायचं नाही.

यातलं काहीच जमणार नसेल तर तसं सरळ लिहावं, "आमच्याकडं जमणार नाही." नुसत्या जोडलेल्या हातांपेक्षा त्याचा उपयोग जास्त, कारण विचारणारा निदान पुढचं दार ठोठावतो.

नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. तिथं कावड खरोखर रिकामी झाली होती. रामेश्वराला न्यायचं पाणी उरलं नव्हतं. दयेनं आपलं काही कमी झालं नाही, तर ती फक्त वाटली, झाली नाही.

सद्गुरूंनी आपल्याला उचललं तेव्हा ठेवायची जागाही त्यांनी आधीच पाहिली होती, म्हणून आपण आज निर्धास्त आहोत. त्या निर्धास्तपणातला कणभर दुसऱ्या जिवाला देता आला तर द्यावा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏