स्तंभाची उंची आणि धानाचा भाव

गोंदिया जिल्ह्याचे अर्थकारण धानावर चालते आणि धानाचे राजकारण आकड्यांवर. हमीभाव किती, बोनस किती, खरेदीची मर्यादा किती, कोणत्या केंद्रावर किती क्विंटल माल उतरला, हे आकडे पूर्वी बातमीत किंवा केंद्राच्या फलकावर वाचायला मिळत. आता ते रंगीत स्तंभ, वर्तुळे आणि वर चढणाऱ्या रेषा होऊन मोबाइलवर येतात. आकडा वाचणारा माणूस क्षणभर थांबतो, मनात वजाबाकी करतो. स्तंभ पाहणाऱ्याचे मत मात्र वजाबाकीच्या आधीच तयार झालेले असते. म्हणूनच आलेख काढणे हे सजावटीचे काम नाही. ती एक साक्ष असते, आणि साक्षीला जे नियम लागतात ते आलेखालाही लागले पाहिजेत.

साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,१८३ रुपये होता. २०२४-२५ मध्ये तो २,३०० आणि २०२५-२६ मध्ये २,३६९ झाला. दोन वर्षांत १८६ रुपयांची, म्हणजे सुमारे साडेआठ टक्क्यांची वाढ. आता हेच तीन आकडे स्तंभालेखात मांडताना उभा अक्ष शून्याऐवजी २,००० पासून सुरू करून पाहा. पहिला स्तंभ १८३ रुपयांइतका उंच होईल आणि तिसरा ३६९ रुपयांइतका. प्रत्येक स्तंभावर खरा भाव छापलेला असेल, एकही आकडा खोटा नसेल, तरी डोळ्याला भाव दुप्पट झालेला दिसेल. स्तंभ आपण लांबीने वाचतो. बुडखा कापला की लांबीचा अर्थच उरत नाही. एडवर्ड टफ्टे या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या ग्रंथात यासाठी एक मोजमाप सुचवले: चित्रात दिसणाऱ्या बदलाला आकड्यांतल्या बदलाने भागा. प्रामाणिक आलेखात उत्तर एकच्या आसपास येते. आपल्या कापलेल्या आलेखात ते बाराच्या घरात जाते.

अक्ष शून्यावर आणला म्हणजे काम संपले असेही नाही. २०१३-१४ मध्ये हाच हमीभाव १,३१० रुपये होता. तिथपासून २,३६९ पर्यंतची चढण खरी आहे, पण त्या काळात रोवणीची मजुरी, खत आणि डिझेलही महागले. शेजारी खर्चाची किंवा महागाईची रेषा नसेल तर आलेख रुपये दाखवतो, शेतकऱ्याच्या पदरात काय पडले ते दाखवत नाही.

बोनसच्या बाबतीत फसगत आणखी खोल जाते, कारण तिथे एककच बदलले. २०२०-२१ मध्ये राज्य सरकारने क्विंटलमागे ७०० रुपये दिले, कमाल ५० क्विंटलपर्यंत. २०२२-२३ च्या हंगामासाठी पद्धत बदलली आणि हेक्टरी १५,००० रुपये ठरले, कमाल दोन हेक्टरपर्यंत. ७०० आणि १५,००० हे आकडे एकाच पट्टीवर शेजारी ठेवले तर झेप डोळे दिपवणारी दिसते. पण मर्यादेचा हिशेब मांडा: आधीच्या पद्धतीत एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ३५,००० रुपये मिळू शकत होते, नंतरच्या पद्धतीत ३०,०००. शिवाय ज्याला हेक्टरी २० क्विंटल पिकते आणि ज्याला ४० क्विंटल पिकते, त्यांना हा बदल वेगवेगळा लागला. पहिल्याला क्विंटलच्या हिशेबाने हेक्टरी १४,००० मिळाले असते, दुसऱ्याला २८,०००. कमी पिकणाऱ्या बांधीच्या मालकाला नवी पद्धत थोडी बरी, चांगल्या पाण्याखालच्या जमिनीवाल्याला बरीच तोट्याची. इथे प्रामाणिक आलेख एकच शक्य आहे: दोन्ही पद्धती ‘एका हेक्टरला किती रुपये’ या एकाच मापात आणायच्या आणि वेगवेगळ्या उत्पन्नासाठी वेगळ्या रेषा काढायच्या.

याउलट शून्याचा नियम सरसकट लावला तर महत्त्वाचा बदल दडपला जातो, असा एक आक्षेप असतो, आणि त्यात तथ्य आहे. जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,००५ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ९९९. शून्यापासून काढलेल्या स्तंभांत हा फरक दिसणारच नाही. अशा वेळी स्तंभ सोडून बिंदू किंवा रेषा वापरावी, कारण तिथे आपण लांबी नव्हे, जागा वाचतो. अक्ष अरुंद ठेवावा आणि तसे ठळक लिहावे. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे: तुलना कशाशी? ९९९ पाहून स्त्री-पुरुष समानता आली असे वाटते. मात्र पुरुष कामासाठी बाहेर गेले की हे गुणोत्तर वर जाते. रत्नागिरीचे १,१२२ हे त्याचे ठळक उदाहरण. मुलींना जन्मू दिले जाते की नाही हे शून्य ते सहा वयोगटात दिसते. तिथे २०११ मध्ये गोंदियाचा आकडा ९५६ होता आणि राज्याचा ८९४. निसर्गतः जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असतात. ही ९५० ची रेषा आलेखावर आखली की गोंदिया तिच्याजवळ आणि महाराष्ट्र तिच्यापासून किती खाली, हे क्षणात कळते. ती एक रेषा नसेल तर बाकी सगळी कारागिरी वाया जाते.

कधी कधी मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या सीमाच बदलतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. अविभाजित भंडाऱ्याची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे २१ लाख होती, २००१ च्या भंडाऱ्याची ११ लाख ३६ हजार. ही रेषा सलग ओढणारा आलेख एका दशकात दहा लाख माणसे गायब करतो. तिथे रेषा तोडलीच पाहिजे, आणि तोडण्याचे कारण त्याच जागी लिहिले पाहिजे.

चित्रांचा मोहही जपून आवरावा लागतो. सारस हा जिल्ह्याचा मानबिंदू आणि त्याची दरवर्षी मोजणी होते. एका वर्षी वीस पक्षी आणि दुसऱ्या वर्षी चाळीस असे धरले आणि दुसरा सारस दुप्पट उंच काढला, तर रुंदीही दुप्पट होऊन तो कागदावर चौपट जागा घेतो. व्हिएन्नाच्या ऑटो न्यूराथ यांनी १९२० च्या दशकात यावर नेमका उपाय रूढ केला: चित्राचा आकार बदलू नका, संख्या बदला. वीस पक्ष्यांसाठी वीस सारखे सारस, चाळीसांसाठी चाळीस. मग लहान मूलही मोजून पडताळू शकते.

हे सगळे सामान्य वाचकाला झेपणार नाही, म्हणून सोपे करून दाखवतो, ही सबब मला मान्य नाही. सतरा टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की धान परत येते, हे या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला माहीत असते. क्विंटलभर धानाच्या भरडाईतून ६७ किलो तांदूळ द्यायचा, हे गिरणीवाल्याला पाठ असते. टक्केवारी आणि प्रमाण यांवर ज्यांचे पोट चालते त्यांना आलेख समजत नाही असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना हवी आहे ती पूर्ण माहिती: अक्ष कुठून सुरू होतो, एकक कोणते, काळ कोणता, आकडे कुणी गोळा केले आणि तुलना कशाशी. या पाच गोष्टी आलेखावरच, वाचता येईल अशा अक्षरात छापणे ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आणि वर्तमानपत्रांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सक्तीचे व्हावे. त्यासाठी पैसा लागत नाही. ज्या आलेखाकडे बोट दाखवून ग्रामसभेतला शेतकरी उलट प्रश्न विचारू शकतो तोच आलेख प्रामाणिक, आणि असा प्रश्न विचारला जावा हीच तो काढणाऱ्याची इच्छा असली पाहिजे.