कोरड्या दिवसांची वर्गणी

भोकरदनला समुद्र नाही. केळना आहे, तालुक्यात गिरजा-पूर्णा आहेत, आणि पावसाळा सरला की त्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. तरीही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केस्टर गावाची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. १९०१ साली वादळात तिथली जीवरक्षक नौका उलटून नऊ जण गेले. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेने तिथले केंद्रच बंद केले. गावाने मात्र देणग्या जमवून स्वतःची स्वयंसेवी सेवा उभी केली. ती नौका वर्षातले बहुतेक दिवस उभी असते, आणि खर्च होतो तो मुख्यतः या उभ्या दिवसांवर: देखभाल, इंधन, सराव.

आपण नेमके इथेच कमी पडतो. माणूस बुडाला की पट्टीच्या पोहणाऱ्यांना, भोई समाजातल्या तरुणांना हाक जाते. ते उडी घेतात. मग शाल, नारळ, वर्तमानपत्रात फोटो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांच्याकडे चांगला दोर आहे का, अंगावर जॅकेट आहे का, हे कोण विचारतो?

सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात लष्कर आणि हेलिकॉप्टर बोलवावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघाली, तर भोकरदनपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर. बुडणाऱ्याच्या हाती मिनिटे असतात. आणि पूर नसतानाही शेततळी आहेतच. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही; पोहता येणारासुद्धा काठ हाताशी असून वर चढू शकत नाही. तिथे नौका लागत नाही, काठाला कायम बांधलेला गाठींचा दोर पुरतो.

मात्र उत्साह म्हणजे तयारी नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी बोटच उलटली आणि दहाहून अधिक जीव गेले. बोटीत किती माणसे घ्यायची, हे रडणाऱ्या गर्दीसमोर ठरवता येत नाही. ते आधी ठरलेले आणि अंगवळणी पडलेले लागते.

मग हे सरकारचे काम नाही का? आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा ठरवलेला आहे. पण बारा दिवसांत शिकलेले दरवर्षी घोटून घ्यावे लागते. ब्रिटनच्या त्या राष्ट्रीय संस्थेने १८५४ पासून घेतलेले सरकारी अनुदान १८६९ मध्ये सोडून दिले. इतका ताठा आपल्याला परवडणारा नाही. विमा सरकारचाच हवा. वर्षभराचा सराव आणि दुरुस्ती मात्र गावाने उचलावी, म्हणजे बचाव पथक हिशेब गावाला देईल.

आणि दूरच्या कामाला हात सैल सोडणे या गावाला नवे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भरहूत आणि सांचीच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या, म्हणजे याच भोकरदनच्या, दात्यांची नावे कोरलेली आहेत. इथे तर काम घराशेजारचे आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात हंगामात मोठी उलाढाल होते. तिथल्या व्यापाऱ्यांनी, गणेश मंडळांनी, जिनिंगवाल्यांनी थोडा-थोडा वाटा उचलला, तर तालुक्यापुरते एक पथक सहज पोसले जाईल. वर्गणी उन्हाळ्यातच गोळा करावी. पूर आल्यावर देणारे पुष्कळ भेटतात, पण तेव्हा सरावाला वेळ उरलेला नसतो.